चित्रामागची तारीख

प्रदर्शन मांडताना मदतीला पुष्कळ हात असतात. उतरवताना दोन-चारच उरतात. खिळे काढायचे, काचा पुसायच्या, फ्रेमच्या कोपऱ्यांना पुठ्ठा लावायचा आणि चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून ज्याचं त्याच्या हवाली करायचं. कोल्हापुरातल्या आमच्या निसर्गचित्रकारांच्या गटात हे काम माझ्याकडं असतं, आणि मला ते आवडतं. गर्दीत जे बोललं जात नाही, ते रिकाम्या भिंतींसमोर बोललं जातं.

आमचा गट लहान आहे. चित्रकलेचे विद्यार्थी आहेत, बँकेत काम करणारे आहेत, दोन डॉक्टर आहेत, एक शेतकरी आहे. वर्षात तीन प्रदर्शनं होतात. फाल्गुन-चैत्रात उन्हाळी, श्रावण-भाद्रपदात पावसाळी आणि मार्गशीर्ष-पौषात हिवाळी. प्रत्येकाच्या आधी दोन-तीन रविवार सगळ्यांनी मिळून बाहेर बसायचं. कधी रंकाळा, कधी पंचगंगेचा घाट, कधी पन्हाळ्याच्या पलीकडचं मसाई पठार. जो बसला त्याचं चित्र लागतं. निवड नसते.

यंदाच्या पावसाळी प्रदर्शनाच्या शेवटच्या संध्याकाळी हा नियमच वादात आला. एका बाजूला आमचे सर होते. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, जलरंगातली त्यांची रंकाळ्याची चित्रं कुठल्याही भिंतीवर लांबून ओळखू येतात. दुसऱ्या बाजूला बाई. त्यांनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून शाईनं फुलं काढली. दोघांचा एकमेकांबद्दलचा आदर आम्ही सगळे जाणतो. म्हणून त्या संध्याकाळचं बोलणं जसं आठवतं तसं मांडतो आहे.

सर : सत्तर चित्रं उतरवली आज. त्यातली परत एकदा बघावीशी वाटली ती नऊ. पुढच्या वर्षीपासून वर्षाला एकच प्रदर्शन करावं, असं मी बैठकीत मांडणार आहे. हिवाळ्यात, निवडून, नीट मांडून.

बाई : आणि पावसाळा?

सर : पावसाळ्यात काढा की चित्रं. कोण नको म्हणतंय? पण लावायची घाई नको. चित्र मुरावं लागतं, बाई. जागेवर बसून दोन तासांत उजेड धरायचा. मग घरी आणून महिनाभर भिंतीला टेकवून ठेवायचं. जाता-येता नजर पडते, तेव्हा कळतं की आभाळ जड झालंय, झाडाचा बुंधा जमिनीत रुतलेला नाही. आपल्याकडं या रविवारी काढलेलं चित्र पुढच्या रविवारी फ्रेमीत जातं. कच्चं मडकं भट्टीत न घालताच बाजारात ठेवल्यासारखं होतं ते.

बाई : मडकं वर्षात कधीही घडवता येतं, सर. तेरडा नाही येत. मसाईवर आपण गेलो त्या रविवारी पठार ओलं होतं, गेंदाचे पांढरे ठिपके होते, मध्ये सीतेच्या आसवांची जांभळी झाक होती. तीन आठवड्यांनी गेलो तेव्हा ओल ओसरायला लागली होती आणि सोनकीचा पिवळा वर चढला होता. भिंतीवर ही दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लागली, म्हणून बघणाऱ्याला पठार बदलताना दिसलं. हिवाळ्यात तुम्ही त्यातलं एक निवडणार. मग उरतं ते नुसतं फुलांचं चित्र. पठाराचा बदल गेला.

सर : पण बघायला येणारा माणूस बदल बघायला येतो, की चित्र बघायला?

बाई : आपल्या पावसाळी प्रदर्शनाला येणारा माणूस घरी जाताना विचारतो, ही फुलं अजून आहेत का तिथं? आहेत म्हटलं की पुढच्या रविवारी जातो. हिवाळ्यात त्याला काय सांगणार? पुढच्या श्रावणात या म्हणून? आणि कारवीचं काय करायचं? कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. पहिलीतल्या पोरानं बघितली तर पुन्हा बघेपर्यंत ते नववीत गेलेलं असतं. अशा झाडापुढं प्रदर्शनाची तारीख आपण ठरवायची नसते. ती झाड ठरवतं.

सर काही वेळ काच पुसत राहिले. मग त्यांनी मूळ मुद्दा काढला.

सर : ठीक आहे, ऋतू बाजूला ठेवू. निवडीचं बोलू. जो बसला त्याचं चित्र लावायचं, हा नियम कुणाच्या भल्याचा आहे? ती इंटरमिजिएट दिलेली मुलगी गेली दोन वर्षं तेच झाड काढते. डावीकडं झाड, उजवीकडं पाणी, मागं डोंगर. आपण तिला प्रत्येक वेळी छान म्हणतो. छान म्हणून म्हणून आपण तिचं नुकसान करतोय. तिचं चित्र एकदा परत पाठवलं असतं आणि का पाठवलं ते सांगितलं असतं, तर ती कुठल्या कुठं गेली असती.

बाई : परत पाठवलं असतं तर ती आलीच नसती.

सर : आली असती. आम्ही शिकत होतो तेव्हा गुरुजी आमच्या चित्रावर सगळ्यांसमोर बोट ठेवायचे. वाईट वाटायचं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा घाटावर जाऊन बसायचो. या गावाला लँडस्केपचा वारसा आहे तो असा घडला. बाबूराव पेंटर, रवींद्र मेस्त्री, ही माणसं हातानं काम करता करता घडली. चंद्रकांत मांडरे सिनेमातले एवढे मोठे नट, तरी पावडर शेडिंगनं निसर्गचित्रं करत राहिले. राजारामपुरीतल्या त्यांच्या संग्रहालयात जाऊन बघा. नुसत्या पावडरनं एवढं धुकं आणि एवढा उजेड आणायला केवढी शिस्त लागली असेल! आणि आबालाल रहमान! मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेला माणूस गावात परत आला आणि कोटीतीर्थाच्या काठानं काम करत राहिला. शाहू महाराज गेले तेव्हा आबालालांनी आपली चित्रं कोटीतीर्थात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. खरं-खोटं कुणी बघितलंय? पण गावानं ती गोष्ट जपली, कारण चित्रकार आपल्या कामाबद्दल किती कठोर असू शकतो, ते गावाला कळत होतं. त्या गावात आपण सत्तरच्या सत्तर चित्रं लावतो.

बाई : आबालालांचं नाव तुम्ही काढलंत, बरं झालं. कोटीतीर्थाच्या काठी त्यांनी एकदाच बसून एक उत्तम चित्र केलं असतं, तर आपण आज त्यांच्याबद्दल बोललो असतो का? ते त्याच पाण्याकडं पुन्हा पुन्हा गेले. तेच पाणी, वेगळी वेळ. कठोरपणा हवाच, सर. पण त्याच्याआधी पुन्हा जाणं लागतं. माणूस पुन्हा यावा म्हणून आपण दार उघडं ठेवलंय. दार बंद केलंत तर तुमचा कठोरपणा ऐकायला समोर कोण असेल?

सर : म्हणजे आता जसं चाललंय तसं चालू द्यायचं?

बाई : नाही. इथं तुमचं बरोबर आहे, आणि मी ते आधी मान्य करायला हवं होतं. आपल्या बैठकीत चित्रांवर बोलणंच होत नाही. चहा होतो, फोटो होतात, पुढच्या सहलीची जागा ठरते. त्या मुलीला तिचं झाड कुठं चुकतंय ते मीही सांगितलं नाही. तिच्या झाडाला फांद्या जिथून फुटतात तिथून त्या खऱ्या झाडाला कधीच फुटत नाहीत. दोन वर्षं मला ते दिसतंय.

सर : मग सांगितलं का नाहीत?

बाई : चित्र तुमचं क्षेत्र म्हणून.

सर हसले. फांद्यांवरून बोलणं उन्हाळी प्रदर्शनातल्या पळसावर गेलं. तेव्हा एका विद्यार्थ्याच्या पळसाच्या चित्राचं सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं आणि बाई गप्प राहिल्या होत्या.

सर : त्या पळसाबद्दल तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत.

बाई : त्यानं पळसाला भरगच्च हिरवी पानं काढली होती. वर केशरी फुलं. आणि जवळच्या फांदीवर एका देठाला पाच-पाच पर्णिका. पळसाला पानं तीन, ही म्हण आपल्याकडं शाळेत न गेलेल्या माणसालाही पाठ आहे. त्यानं ते झाड बघितलं नव्हतं. मोबाइलवरचा फोटो बघितला असेल, नाहीतर दुसऱ्या कुणाचं चित्र.

सर : लांबचं झाड काढताना पानं मोजत नाहीत, बाई. तिथं रंगाचा एक वॉश जातो, त्या वॉशमध्ये जीव असला की पुरे. त्या पोराच्या केशरीत जीव होता. पानं मोजायला लागलो तर चित्राचं हर्बेरियम होईल.

बाई : पानं मोजू नका. पण फुलं येतात तेव्हा पळस जवळजवळ निष्पर्ण असतो, एवढं तरी बघायचं की नाही? मागं हिरवं नसतं, म्हणून तर तो केशरी एवढा पेटतो. करडी फांदी, काळसर देठ-कळ्या आणि वर केशरी. त्या मुलानं मध्ये हिरवा घातला आणि केशरी विझला. तुम्ही म्हणता तो जीव त्याला अजून दुप्पट आणता आला असता. झाडाकडं एकदा फाल्गुनात जाऊन उभा राहिला असता, तर.

सरांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मला वाटतं, त्या संध्याकाळी त्यांची भूमिका पहिल्यांदा इथं हलली. त्यांनी एवढंच म्हटलं, ‘केशरीशेजारी करडा. बरोबर. मी त्याला हे सांगायला हवं होतं.’ शास्त्राचं बरोबर आणि चित्राचं बरोबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं मीही मानत आलो होतो. पळसाच्या फांदीवर दोन्ही एकाच जागी येऊन टेकल्या.

पण सरांकडं आणखी एक मुद्दा होता, आणि तो बाईंच्या बाजूला थेट लागणारा होता.

सर : मग आता तुमच्या सहलींचं बोलू. मसाईवर आपण चाळीस माणसं गेलो होतो. चाळीस माणसांनी बसायला जागा शोधली. पाणी सांडलं, बोर्ड टेकवले, मुलं इकडं-तिकडं फिरली. मी उठलो तेव्हा माझ्या स्टुलाखाली तीच तुमची सीतेची आसवं चेपलेली होती. साताऱ्याच्या कासचं काय झालं, ते आपण बघितलंय. २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर कास जागतिक वारसा झालं, नाव झालं, आणि माणसांच्या पायांपासून फुलं वाचवायला येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घालायची वेळ आली. ऋतूचा उत्सव करता करता आपण ऋतूच तुडवायला लागलो, तर तुमच्या तीन प्रदर्शनांचा उपयोग काय?

बाई : यावर माझ्याकडं उत्तर नाही, सर. तुम्ही म्हणता ते मी त्याच दिवशी बघितलं. सीतेची आसवं ही चिमुकली झाडं. त्या जांभ्यावर माती बोटभरसुद्धा नसते, तिच्यात अन्न नसतं, म्हणून ही झाडं मुळाशी असलेल्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून जगतात. एवढ्या कष्टानं उभं राहिलेलं झाड एका स्टुलाखाली जातं. पुढच्या वेळी दहाजणांपेक्षा जास्त नको आणि पायवाट सोडून बसायचं नाही, हा नियम मीच मांडते.

सर : आणि चित्राखालच्या पट्ट्या? प्रत्येक पट्टीवर फुलाचं नाव आणि जागा हवी, असा तुमचा आग्रह असतो. खरपुडीचं ते चित्र, त्याखाली आपण टेकडीचं नाव लिहिलं होतं.

बाई : ते मी दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. तुमचं लक्ष गेलं नसेल. खरपुडीचं फूल म्हणजे लहानसा कंदील. माशी नळीतून आत शिरते, आतले केस खाली वळलेले असतात, म्हणून तिला बाहेर येता येत नाही. केस सुकले की सुटते आणि पराग घेऊन दुसऱ्या फुलाकडं जाते. आपल्या शिवाजी विद्यापीठात या कुळावर केवढं काम झालंय. दुर्मीळ जाती तिथं वाढवून जपल्यात. हे एकीकडं चाललेलं असताना, कंद उकरायला निघालेल्याला आपण पत्ता देणं बरं नव्हे. नाव लिहू, महिना लिहू. जागा फक्त तालुक्यापर्यंत लिहू.

सर : म्हणजे नोंदीपेक्षा झाड मोठं.

बाई : नोंद झाडासाठीच आहे, सर.

खिडकीबाहेर पाऊस पुन्हा सुरू झाला होता. दोघांनीही चहा मागवायला सांगितलं. मी परत आलो तेव्हा वाद प्रदर्शनाच्या जागेवर आला होता. बाईंचं म्हणणं, की दालनाचा खर्च आणि दगदग कमी करून पुढचं प्रदर्शन रंकाळ्याच्या काठी, झाडांमध्ये दोरी बांधून, चिमट्यांनी चित्रं लावून करावं.

सर : चिमट्यांनी चित्र लावायचं नसतं, बाई. जलरंग उन्हात उडतो. पावसाळ्यात तर कागदाला चोवीस तासांत ओल धरते आणि बुरशीचे ठिपके येतात. चित्राला काच लागते, उजेड लागतो आणि समोर उभं राहायला शांतता लागते. दालनात पाऊल टाकलं की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. तो मान चित्राला मिळायला हवा. विकायचंही आहे. आपल्यातल्या चारजणांचं घर चित्रांवर चालतं. रस्त्यावर टांगलेल्या चित्राला कुणी दालनातला भाव देत नाही.

बाई : रंकाळ्यावर पहाटे शेकडो माणसं फिरायला येतात. त्यातली किती दालनाची पायरी चढतात? टाऊन हॉलच्या बागेत ‘रंगबहार’ची ‘मैफल रंगसुरांची’ भरते, तेव्हा एकीकडं गाणं चालू असतं, दुसरीकडं चित्रं आणि शिल्पं लोकांसमोर घडत असतात. तिथं आलेला माणूस चित्रकाराच्या हाताकडं बघत उभा राहतो. चित्र होतंय कसं, हे बघितलेला माणूसच पुढं दालनात येतो.

सर : हे मला पटतं. पण तिथं चित्र घडताना दाखवतात. घडलेलं चित्र वाऱ्यावर टांगत नाहीत.

बाई : मग आपणही तसंच करू. बाहेर बसताना लोकांना बघू द्यायचं, वह्या उघड्या ठेवायच्या. फ्रेमीतलं चित्र दालनात.

एवढ्यावर दोघांचं जमलं. पण एक प्रदर्शन की तीन, हा मूळ प्रश्न तसाच होता. सर पुन्हा तिथं आले.

सर : तुमची सगळी मांडणी नोंदीवर उभी आहे. नोंद करायला कॅमेरा आहे. आता प्रत्येकाच्या खिशात आहे. चित्रकारानं ते काम कशाला करायचं?

बाई : पंचगंगेचं पाणी वाढलं की रोज आकडा येतो. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. कोल्हापुरात लहान मुलालाही हे पाठ आहे. फोटोही शेकडो निघतात. पण ४३ फुटांना घाट कसा दिसतो, दीपमाळेचा कुठला भाग वर राहतो, पाण्याचा रंग सकाळी कसा आणि दुपारी कसा, हे मला कुणी नीट सांगितलं असेल तर आपल्या शेतकरी सभासदाच्या वहीनं. २०१९च्या महापुरात त्यांचं शेत पाण्याखाली होतं आणि ते गच्चीवर बसून रोज एक रेखाटन करत होते. फोटो काढणारा क्षणभर थांबतो. चित्र काढणारा तासभर थांबतो, आणि तासाभरात पाणी दोन बोटं चढलेलं त्याला दिसतं.

सर : त्यांची रेखाटनं चांगली आहेत. रेषेला वजन आहे.

बाई : आणखी एक सांगते. पुण्याजवळ दापोडीला इंग्रजी अमदानीत सरकारी वनस्पती-उद्यान होतं. अलेक्झांडर गिब्सन नावाचे डॉक्टर त्याचं काम बघायचे. त्यांनी १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून तिथल्या वनस्पतींची चित्रं करून घेतली. दीडशेहून जास्त चित्रं आहेत. आज ती स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढंच कळतं. नाव राहिलेलं नाही. उद्यानही तसं राहिलं नाही. पण त्या बागेत तेव्हा काय फुलत होतं, ते त्या माणसाच्या हातानं टिकलं.

सर : का टिकलं, सांगू? चांगलं काढलं होतं म्हणून. वाईट काढलं असतं तर कुणी जहाजात चढवून नेलं नसतं आणि एवढी वर्षं जपलंही नसतं. नोंद चांगल्या हाताचीच टिकते, बाई. माझं म्हणणं पहिल्यापासून एवढंच आहे.

बाई काही बोलल्या नाहीत. त्या उठल्या आणि भिंतीशी टेकवलेल्या चित्रांतून एक चित्र घेऊन आल्या. ते सरांचंच जुनं चित्र होतं. प्रत्येक पावसाळी प्रदर्शनात आम्ही ते मानाचं म्हणून लावतो. रंकाळा, मध्ये पाण्यात उभा संध्यामठ आणि वर काळं होत आलेलं आभाळ. बाईंनी ते उलटं केलं. मागच्या कागदावर पेन्सिलीची अक्षरं फिकट झाली होती. बाईंनी वाचलं. १९८३चा आषाढ. सकाळी सात. पाणी संध्यामठाच्या खांबांच्या निम्म्यावर. वारा पश्चिमेचा. पन्हाळ्याच्या बाजूनं पावसाची सर येणार.

बाई : हे कशासाठी लिहिलंत?

सर : स्वतःसाठी. पुढच्या वर्षी त्याच जागी बसलो की कळावं, पाण्यात आभाळ किती उतरतं ते. पाणी भरलेलं असलं की संध्यामठ पाण्यात दबतो, आभाळ मोठं होतं. उन्हाळ्यात सगळा मठ उघडा पडतो, मग चित्रात दगड मोठा आणि पाणी पातळ. हे नुसतं आठवणीवर राहत नाही. लिहून ठेवावं लागतं.

बाई : त्याच जागी किती वेळा बसलात?

सर : मोजलं नाही. दरवर्षी. उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यात एकदा, थंडीत उसाला तुरे आले आणि गुऱ्हाळांचा धूर खाली रेंगाळायला लागला की एकदा.

बाई : म्हणजे तीन वेळा.

सर बराच वेळ त्या पेन्सिलीच्या अक्षरांकडं बघत होते. मग म्हणाले, ‘तीन वेळा. पण लावलं एकच.’

बाई म्हणाल्या, ‘लावलं एकच. मान्य.’

त्या रात्री आम्ही दालनाला कुलूप लावलं तेव्हा वाद संपला होता असं मी म्हणणार नाही. पण माझ्यापुरतं उत्तर मला मिळालं होतं, आणि पुढच्या बैठकीत मी ते ठराव म्हणून मांडलं. ऋतूत बाहेर बसणं तीन वेळा होईल, चुकणार नाही. प्रत्येक वेळी झालेली सगळी चित्रं आणि वह्या आम्ही एका दिवसापुरत्या आपसांत मांडू. तिथं कुणी नुसतं छान म्हणणार नाही. सर उजेडावर बोलतील, बाई फांदीवर बोलतील, आणि चित्र ज्याचं त्याला दोन्ही ऐकून घ्यावं लागेल. फ्रेमीतलं प्रदर्शन वर्षातून एकदा, हिवाळ्यात, तिन्ही ऋतूंच्या चित्रांतून निवडून. पठारावर दहाच माणसं. दुर्मीळ फुलाची जागा भिंतीवर नाही. ठराव सगळ्यांच्या मतानं झाला.

यात मला कुणाची बाजू घ्यायची असेल, तर ती मी उघडपणे घेतो. दालन एखाद्या वर्षी मिळालं नाही तर चित्रकारांचा गट मरत नाही. ऋतूत बाहेर पडायचं राहिलं तर मरतो. आपल्या गावांमधली तळी केंदाळानं भरतात, टेकड्या उतरतात, ओढ्यांच्या जागी गल्ल्या होतात. हे एका दिवसात होत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. दरवर्षी त्याच तीन वेळी, त्याच दगडावर बसणाऱ्या माणसाच्या लक्षात येतं. पण त्यानं बघितलेलं पुढच्या माणसापर्यंत पोचायचं असेल, तर हाताला शिस्त हवी. बाईंचं पुन्हा पुन्हा जाणं आणि सरांचं कठोर निवडणं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत. पहिलं टोक धरल्याशिवाय दुसरं हाताला लागत नाही.

हे वाचणाऱ्यांना एकच विनंती आहे. तुमच्या गावात असा गट असेल तर त्यात जा, नसेल तर दोघं-तिघं मिळून सुरू करा. चित्र येत नसलं तरी चालेल. घराजवळची एक जागा निवडा. एखादं तळं, एखादा पिंपळ, नदीचा एक काठ, काहीही. उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात एकेकदा तिथं तासभर बसून जे दिसेल ते काढा. चांगलं झालं असेल तर भिंतीवर लावा. नसेल झालं तर वहीत ठेवा. पण दोन्ही वेळा कागद उलटा करून मागं तारीख लिहा, पाणी कुठपर्यंत होतं ते लिहा, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी जा.